संघ हरला, दोष कुणाचा?



गावच्या पारावर दोन विषय असे आहेत की, त्यांवर मत नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. एक पाऊस आणि दुसरा खेळ. पाऊस आपल्या हातचा नाही, एवढे तरी आपण मान्य करतो. खेळाच्या बाबतीत मात्र आपला न्याय फार कडक. संघ हरला की कुणाचे तरी चुकलेलेच असले पाहिजे, आणि ते कुणाचे, याचा निकाल मैदानावरची धूळ खाली बसण्याच्या आत लागलेला असतो. बहुतेक वेळा बोट एकाच माणसाकडे वळते. तो माणूस म्हणजे संघाचा मार्गदर्शक. तालमीत त्याला वस्ताद म्हणतात, शाळेत तो क्रीडाशिक्षक असतो, आणि विलायती फुटबॉलमध्ये त्याला मॅनेजर म्हणतात. नावे निरनिराळी; खापर मात्र फुटायचे ते त्याच डोक्यावर.

आज तुमच्याशी बोलायचे आहे ते या खापराविषयी. संघाचे दिवस फिरतात तेव्हा त्यात मार्गदर्शकाचा वाटा किती आणि इतर गोष्टींचा किती? तुम्ही म्हणाल, हा प्रश्न शहरातल्या रिकाम्या लोकांचा. आम्हाला त्याचे काय? पण आपल्या धाराशिव जिल्ह्याला तो फार जवळचा आहे. आपला जिल्हा खो-खोचा. धाराशिवच्या सारिका काळे २०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय महिला संघाच्या कर्णधार होत्या, आणि २०२० साली त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली. अंतिम सामन्यात नेपाळला हरवून ती जिंकणाऱ्या भारतीय महिला संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. या मुली काही आभाळातून पडल्या नाहीत. कुणीतरी सकाळ-संध्याकाळ मैदानावर उभे राहून त्यांना घडवले. अशा माणसाला आपण कोणत्या तराजूत तोलतो, यावर उद्याच्या मुली मैदानावर येणार की नाहीत, हे पुष्कळसे अवलंबून आहे.

तराजू नीट पारखायचा तर ज्याचा हिशेब वर्षानुवर्षे छापून ठेवलेला आहे असा खेळ घेतलेला बरा. फुटबॉल तसा आहे. शिवाय त्या खेळाचे वेड काय असते, हे पाहायला विलायतेला जायची गरज नाही. कोल्हापूरला पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम असे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा पेठच्या पेठ तिकडे लोटते. पण मार्गदर्शक आणि संघाचे नशीब यांचा संबंध तपासायला सर्वांत बोलका दाखला आहे तो गोव्याचा.

पणजीचा धेंपो स्पोर्ट्स क्लब हा गोव्यातला एक जुना, नावाजलेला फुटबॉल संघ. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्याचे मार्गदर्शक होते आर्मांदो कुलासो, गोव्याच्याच मातीतले. त्यांच्या हाताखाली धेंपोने देशाचे विजेतेपद एकदा नव्हे, पाच वेळा मिळवले. २००४-०५ आणि २००६-०७ मध्ये राष्ट्रीय लीग, आणि तिचेच रूप बदलून आय-लीग झाल्यावर २००७-०८, २००९-१० आणि २०११-१२ मध्ये. २००८ साली हा संघ आशियाई महासंघाच्या चषकात उपांत्य फेरीपर्यंत पोहोचला. २०११ मध्ये कुलासो यांच्याकडे काही महिने भारतीय संघाचीही सूत्रे होती. पुढे २०१३ साली त्यांचे आणि धेंपोचे नाते संपले. त्यांच्यानंतर आर्थर पापास आणि ट्रेव्हर मॉर्गन असे दोन परदेशी मार्गदर्शक लागोपाठ आले. आणि २०१४-१५ च्या मोसमात हा पाच वेळचा विजेता संघ चक्क खालच्या श्रेणीत उतरला.

आता पारावरचा न्याय काय सांगेल? तो म्हणेल, सरळ आहे. कुलासो होते तोवर लक्ष्मी होती, कुलासो गेले आणि लक्ष्मी गेली. ऐकायला हे चोख वाटते. पण जरा तारखा मांडून पाहू. धेंपोचा सर्वांत मोठा गोल करणारा गडी होता नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. २०११-१२ च्या शेवटच्या विजेतेपदात त्याने एकट्याने ३२ गोल केले. त्या मोसमानंतर, म्हणजे २०१२ मध्ये, तो कोलकात्याच्या संघात गेला. पुढल्या मोसमात विजेतेपद चर्चिल ब्रदर्सकडे गेले. आणि त्या मोसमात धेंपोचे मार्गदर्शक कोण होते? कुलासोच! म्हणजे उतरण लागली ती मार्गदर्शक जाण्याच्या आधी. माणूस तोच होता, त्याचे ज्ञान तेच होते. हातातला हुकमी गडी तेवढा गेला होता. शिवाय महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा हे ज्यांच्या जिवावर दशकभर डाव रंगला, ते सगळे बरोबरच वयाने पुढे सरकत होते. एकाच वेळी लावलेली बाग एकाच वेळी म्हातारी होते, तसे हे.

गोष्ट इथेच संपत नाही. खालच्या श्रेणीत गेलेल्या धेंपोने २०१६ साली ती श्रेणी जिंकली. आता तो वर येणार, इतक्यात त्याच वर्षी धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा या गोव्याच्या तिन्ही संघांनी आय-लीगमधून अंग काढून घेतले. कारण काय? २०१४ साली सुरू झालेल्या इंडियन सुपर लीगला देशातील पहिल्या श्रेणीचे स्थान द्यायचे, अशी योजना फुटबॉल महासंघाने पुढे आणली होती आणि ती या जुन्या संघांना मान्य नव्हती. मैदानावर जिंकलेला संघ मैदानाबाहेरच्या निर्णयामुळे घरी बसला. यात कोणत्या मार्गदर्शकाचे काय चुकले? पुढे बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या श्रेणीतून बढती मिळवून धेंपो २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला. त्या वेळी मार्गदर्शक होता जुना कर्णधार समीर नाईक.

म्हणजे एका संघाचे दिवस फिरायला किती कारणे लागली पाहा. गडी बदलले, गड्यांची वये वाढली, मार्गदर्शक बदलले आणि स्पर्धेची रचनाही बदलली. यांतले प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर ठळकपणे उभे असते ते एकच, मैदानाच्या कडेला येरझारा घालणारा मार्गदर्शक. जे दिसते त्यालाच आपण कारण समजतो.

याखेरीज आणखी एक कारण आहे, ते तर कुणालाच दिसत नाही. त्याला आपण योगायोग म्हणू. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पुण्याच्या बालेवाडीत अल्टिमेट खो-खोच्या पहिल्या मोसमाचा अंतिम सामना झाला. ओडिशा जगरनॉट्सने तेलुगू योद्धाज संघाला हरवले, ४६ विरुद्ध ४५ असे. फरक एका गुणाचा! एक सूर इंचभर आखूड पडला असता, तर चषक दुसरीकडे गेला असता. मग जिंकलेल्यांचा मार्गदर्शक शहाणा आणि हरलेल्यांचा अडाणी ठरवायचा तो या इंचभर जागेवरून काय?

शिक्षक बंधु-भगिनींनी हा प्रयोग वर्गात करून पाहावा. बत्तीस मुलांना प्रत्येकी पाच वेळा नाणे उडवायला सांगा. छाप म्हणजे जीत, काटा म्हणजे हार. सरासरीने बत्तिसांतून एका मुलाला पाचही वेळा छाप मिळेल आणि एकाला पाचही वेळा काटा. पहिल्याचा हात काही गुणाचा नाही आणि दुसऱ्याचा अपशकुनी नाही. पण हीच दोन मुले जर दोन संघांचे मार्गदर्शक असती, तर एकाचा सत्कार झाला असता आणि दुसऱ्याची बदली!

आपल्या शालेय स्पर्धांत तर हा योगायोग अधिकच जोर धरतो. तेथे बहुधा बाद पद्धत असते. एकदा हरलात की वर्षाचा खेळ आटोपला. समजा, एक संघ खरोखर चांगला आहे. समोर कुणीही आले तरी तीन सामन्यांपैकी दोन तो जिंकतो. स्पर्धेत आठ संघ आहेत, म्हणजे अजिंक्यपदासाठी सलग तीन सामने जिंकले पाहिजेत. दोन-तृतीयांशाला दोन-तृतीयांशाने दोनदा गुणा. उत्तर येते आठ-सत्ताविसांश, म्हणजे शंभरात सुमारे तीस. चांगला संघसुद्धा दहापैकी सात वर्षे रिकाम्या हाताने घरी येणार! शितावरून भाताची परीक्षा होते खरी. कारण सगळी शिते एकाच भांड्यात, एकाच आचेवर शिजतात. सामन्यांचे तसे नसते. एका सामन्यावरून मार्गदर्शकाची परीक्षा करता येत नाही.

मग तुम्ही विचाराल, ‘अहो, पण मार्गदर्शक बदलला की संघ सुधारतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे, त्याचे काय?’ पाहिले असेल, नाही कशाला म्हणू? पण मार्गदर्शक बदलतात केव्हा, हे ध्यानात घ्या. संघ अगदी तळाला गेला असतो तेव्हा! एखाद्या वर्षी सोयाबीन पार बुडाले आणि त्यानंतर शेतकऱ्याने नवी बैलजोडी घेतली. पुढल्या वर्षी नेहमीसारखा पाऊस झाला आणि नेहमीसारखे पीक आले. हा काय बैलांचा पायगुण? पार बुडालेल्या वर्षामागून बहुधा बरे वर्षच येते. कारण इतके वाईट वर्ष मुळात क्वचित येते. फार चांगल्या वर्षामागून थोडे उणे वर्ष येते, तेही याच न्यायाने. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने १८८६ साली माणसांच्या उंचीवरून हेच दाखवले. फार उंच आईबापांची मुले उंच असतात खरी, पण सरासरीने आईबापांपेक्षा थोडी कमी. टोकाची गोष्ट मध्याकडे सरकते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडावी, तसे नवा मार्गदर्शक यायला आणि संघ सावरायला एकच गाठ पडते.

नेदरलँड्समध्ये याचा पडताळा घेतला गेला आहे. बास तेर वेल या अर्थशास्त्रज्ञाने तेथील वरच्या श्रेणीच्या फुटबॉल संघांचा १९८६ ते २००४ पर्यंतचा हिशेब तपासला. ज्या संघांनी घसरण लागल्यावर मार्गदर्शक काढला ते संघ सावरले, हे खरे. पण तशाच घसरणीत सापडलेल्या ज्या संघांनी मार्गदर्शक ठेवला, तेही तसेच सावरले. मार्गदर्शक बदलल्याचा वेगळा असा लाभ दिसून आला नाही.

तर मग मार्गदर्शकाला काही किंमतच नाही, असे का समजायचे? मुळीच नाही. उलट बाजूचाही दाखला देतो. इंग्लंडच्या मँचेस्टर युनायटेड संघाकडे नोव्हेंबर १९८६ मध्ये अलेक्स फर्ग्युसन मॅनेजर म्हणून आले. तिकडे मॅनेजर म्हणजे नुसता शिकवणारा नव्हे. गडी आणणे, काढणे, संघ निवडणे, सगळे त्याच्याकडे. पहिली तीन वर्षे एकही चषक नाही. १९८९ च्या डिसेंबरात तर तीन वर्षे सबबी ऐकल्या, आता निघा, अशा अर्थाचा फलक एका प्रेक्षकाने मैदानावर झळकावला. संघाच्या चालकांनी मात्र धीर धरला. मे १९९० मध्ये पहिला चषक आला, १९९३ मध्ये सव्वीस वर्षांनी देशाचे विजेतेपद आले, आणि २०१३ साली निवृत्त होईपर्यंत फर्ग्युसन यांच्या नावावर अशी तेरा विजेतेपदे जमा झाली. त्यानंतर २०२५ पर्यंत त्या संघाला ते विजेतेपद एकदाही मिळालेले नाही. मधल्या काळात मॅनेजर मात्र किती आले नि किती गेले.

त्याच देशातला लेस्टर सिटी हा संघ पाहा. २०१५-१६ मध्ये हा लहान शहरातला संघ देशाचा विजेता झाला. मोसमाच्या आरंभी पैज लावणारे त्यावर एकास पाच हजारांचा भाव देत होते. क्लॉडिओ रानिएरी या मॅनेजरची जगभर वाहवा झाली. आणि नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी २०१७ मध्ये, हार होऊ लागताच त्यांना काढून टाकले. मे महिन्यात देवमाणूस, फेब्रुवारीत नालायक! एवढ्यात त्या माणसाची विद्या कोठे गेली?

या दोन्ही दाखल्यांतून निघते ते एकच. मार्गदर्शकाचे काम खरे असते, पण ते मुरायला वर्षे लागतात. चिंचेचे झाड लावून पुढल्या संक्रांतीला चिंचा मागण्यात अर्थ नाही. आपली घाई मात्र ‘पी हळद आणि हो गोरी’ अशी.

आता आपल्या घरी येऊ. समजा, आपल्या तालुक्यातील एका शाळेचा मुलींचा खो-खो संघ जिल्ह्यात पहिला आला. गावभर पेढे वाटले गेले. पुढल्या वर्षी तोच संघ तालुक्यातच बाद झाला. पारावर बोलणे सुरू झाले, ‘सरांचं लक्ष नाही आता.’ पण शालेय स्पर्धांत वयोगट असतात, चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालील. मागल्या वर्षीच्या निम्म्या मुली वयोगटातून बाहेर पडल्या असतील. दुसरी एखादी आईबापांबरोबर ऊसतोडीला गेली असेल. एखादीचे लग्न ठरल्याने घरच्यांनी मैदान बंद केले असेल. सरांच्या हाती उरल्या त्या कोवळ्या, नव्या मुली. हा हिशेब पारावर कुणी मांडत नाही. बोल ऐकून सरांचे मन विटते. मैदानावर पाणी मारणे थांबते, खुंट पडतात, आणि दोन वर्षांत मैदानावर गवत उगवते. मग आपण म्हणतो, पूर्वीसारखा खेळ राहिला नाही!

चांगल्या मार्गदर्शकाचे मोठे काम गुणफलकावर कधी दिसतच नाही. २०१६ साली घरच्या आर्थिक अडचणींनी त्रासून सारिका काळे यांनी खेळ सोडण्याचे ठरवले होते आणि समजूत घातल्यावर त्या मैदानावर परतल्या, हे त्यांचे मार्गदर्शक चंद्रजित जाधव यांनी सांगितल्याचे वर्तमानपत्रांत आले होते. त्या समजुतीला कोणत्या सामन्यात गुण मिळाले? एकाही नाही. पण ती घातली गेली नसती तर पुढचा अर्जुन पुरस्कार कुठून आला असता?

म्हणून माझी विनंती अशी. मत जरूर द्या. प्रेक्षकाने बोलूच नये असे मी म्हणत नाही. ज्या संघाविषयी कुणी बोलत नाही, तो संघ जिवंत कसा राहील? आळशी मार्गदर्शकाला जाब विचारणेही गावाचे कामच आहे. पण जाब विचारण्यापूर्वी चार गोष्टी पाहा. एक, मैदानावर रोज किती मुले येतात, आणि गेल्या वर्षीपेक्षा ती वाढली की घटली? दोन, थोरल्या गड्यांमागे धाकट्यांची दुसरी फळी तयार होते आहे का? तीन, गेल्या तीन-चार वर्षांत मुलांचा खेळ सुधारला का, म्हणजे सूर, पळती, खो देण्यातली चपळाई? आणि चार, ज्या साधनांची आपण अपेक्षा करतो, ती आपण त्यांना दिली का? मैदान सपाट आहे का, मुली उशिरा घरी जातात तेव्हा वाटेत सोबत आहे का, हरलेल्या मुलीला घरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मैदानावर जाऊ देतात का?

या चार प्रश्नांची उत्तरे चांगली असतील, तर यंदाच्या हारीवरून मार्गदर्शकाला बोल लावू नका. उत्तरे वाईट असतील, तर यंदाच्या जिंकण्यावरून त्याला डोक्यावरही घेऊ नका.

पावसाळा ओसरला की तालुक्याच्या स्पर्धा सुरू होतील. आपला संघ हरून आला, तर त्या संध्याकाळी पारावर बसण्याआधी दहा मिनिटे मैदानाकडे चक्कर टाका. सर तिथे उद्याच्या सरावासाठी चुन्याच्या रेघा आखताना दिसले, तर त्यांच्या हातातला दोरीचा एक पदर आपण धरावा.